आधी पाणी, मग पाहणी



गेली कित्येक वर्षे वस्तीच्या सहलींचा हिशोब आमच्याकडे आहे. लेण्या पाहायला जायचे असो की नागपूरला, गाडी किती आसनांची, डिझेल किती लागेल, कोणाच्या पोराचे अर्धे पैसे घ्यायचे, पिठलं-भाकरी कोणी बांधून आणायची, हे सगळे आमच्या फुलस्केप वहीत उतरते. बी.कॉम. झालो, कारकुनीला लागलो, आणि आकडेमोडीची खोड काही सुटली नाही. परंतु यंदा त्या वहीत जी सहल उतरली आहे, तशी यापूर्वी कधी उतरली नव्हती. सहल अमेरिकेतल्या वाळवंटांची आहे. जाणार आहेत आमची थोरली बहीण, म्हणजे अक्का, भाऊजी आणि त्यांचा मुलगा. आम्ही जाणार नाही. आमच्या वाट्याला नेहमीप्रमाणे हिशोब आला आहे.

भाचा कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस शहराजवळ संगणकाच्या कामावर आहे. भाऊजी रेल्वेत गँगमन होते. रुळांवर उभे राहून ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना लेकाने विमानाने बोलवावे, याचा आनंद साऱ्या वस्तीला झाला. पासपोर्ट झाले, व्हिसा झाला. मग भाच्याने फोनवर सांगितले, "मामा, जुलैत ४ तारखेला इथला स्वातंत्र्यदिन असतो. जोडून सुट्टी मिळते. तीन दिवसांत आई-बाबांना चार नॅशनल पार्क दाखवतो. जोशुआ ट्री, ग्रँड कॅन्यन, झायन आणि डेथ व्हॅली. तुम्ही नुसता वेळापत्रकाचा तक्ता करून द्या."

आम्ही नकाशा समोर ठेवून किलोमीटर मांडले. बेरीज दोन हजारांच्या वर गेली. म्हणजे मुंबईहून नागपूरला जायचे, परत यायचे, आणि तरीही काही अंतर उरायचे, तेही तीन दिवसांत. रस्ते कितीही गुळगुळीत असोत, गाडीत बावीस-तेवीस तास बसायचे होते. भाऊजींचे गुडघे आणि अक्काची कंबर पाहता ही सहल नव्हे, सक्तमजुरी होती. तेव्हा पहिली काट आम्ही ग्रँड कॅन्यन आणि झायनवर मारली. ती ठिकाणे अरिझोना आणि युटा या राज्यांत आहेत. एकदा सवडीने जावे अशी ती आहेत. भाचा थोडा कुरकुरला, पण कबूल झाला.

खरे भांडण पुढे झाले, ते महिन्यावरून.

डेथ व्हॅली या नावाचा अर्थ मृत्यूची दरी असा आहे आणि तो उगाच नाही. तिथल्या फर्नेस क्रीक या ठिकाणी १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. त्या जुन्या नोंदीवर काही अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, तरी जगातला अधिकृत उच्चांक म्हणून आजही तीच धरली जाते. ही दरी लांब, अरुंद आणि खोल आहे. तिचा सर्वांत खोल भाग, बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्याही ८६ मीटर खाली आहे. दोन्ही बाजूंना उंच डोंगर आहेत. तापलेली हवा वर चढते, पण बाहेर निसटत नाही. ती पुन्हा खाली येते, खाली येताना दाबली जाते आणि आणखी तापते. रात्री उतरायला हवा तेवढा पारा उतरत नाही. पावसाचे म्हणाल तर पॅसिफिक महासागराकडून येणारे ढग एकामागून एक डोंगररांगा ओलांडताना रिकामे होतात. दरीत वर्षाला सरासरी दोन इंच पाऊस पडतो. आपल्याकडे सह्याद्री ढग अडवतो आणि आमचा माणदेश कोरडा राहतो, तसाच हा पर्जन्यछायेचा प्रकार आहे, फक्त कितीतरी पटीने कडक.

भाच्याला आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. पहिली १९९६ सालची. त्या जुलैत जर्मनीहून आलेले चौघे जण, त्यात दोन मुले, भाड्याची गाडी घेऊन डेथ व्हॅलीत शिरले आणि नाहीसे झाले. त्यांची गाडी ऑक्टोबरमध्ये एका दुर्गम घळीत सापडली, टायर फुटलेले. मोठ्या माणसांची हाडे सापडायला २००९ साल उजाडावे लागले. दुसरी गोष्ट ६ जुलै २०२४ ची. मोटारसायकलवरून चाललेल्या सहा जणांच्या चमूला बॅडवॉटरजवळ उन्हाने गाठले. पारा ५३ अंशांवर होता. एक जण दगावला. उपचारासाठी हेलिकॉप्टर बोलवावे, तर इतक्या उन्हात हवा विरळ होते आणि त्याला सुरक्षित उडता येत नाही. म्हणजे पैसा आहे, यंत्र आहे, माणसे तयार आहेत, आणि तरीही मदत पोहोचत नाही.

भाऊजींना रक्तदाब आहे. त्यांच्या गोळ्यांत एक लघवीची गोळी आहे. अशा गोळ्यांनी अंगातले पाणी लवकर उतरते आणि ऊन जास्त बाधते, हे त्यांच्याच डॉक्टरांनी सांगितले. आम्ही भाच्याला म्हणालो, "बाबा रे, जुलै नको."

भाचा चिडला. म्हणाला, "मामा, गाडीला एसी आहे, हॉटेलला एसी आहे. हजारो लोक येतात उन्हाळ्यात. तुम्ही इथे कधी आला नाहीत, तुम्हाला तिथे बसून काय कळणार?"

शब्द लागला, हे कबूल केले पाहिजे. ज्याला बोट धरून बालवाडीत नेले, त्याने असे बोलावे. त्या रात्री आम्ही वही मिटून ठेवली. सौ. म्हणाली, "त्याचंही काहीतरी असेल. उगाच कोणी घाई करत नाही." बायकांना माणूस लवकर वाचता येतो, हे आमचे जुने मत आहे. तिचेच खरे ठरले.

चार दिवसांनी भाच्याचा रात्री उशिरा फोन आला. आवाज खाली होता. त्याच्या कंपनीत माणसे कमी करण्याचे चालले होते. त्याच्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा गेला होता. ज्या व्हिसावर तो तिथे आहे, त्यात नोकरी सुटली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. नाहीतर चंबूगबाळे आवरावे लागते. "मामा, नोव्हेंबरपर्यंत मी इथे असेन की नाही, मला माहीत नाही. आई-बाबांनी एकदा तरी पाहावं, एवढंच होतं." हे त्याने आईला सांगितले नव्हते.

आता आमच्यासारख्या कारकुनाने काय करावे? एका पारड्यात भाऊजींचा जीव, दुसऱ्या पारड्यात लेकाची हौस आणि त्याची भीती. जमाखर्चाच्या वहीत या रकमा मांडता येत नाहीत. आम्ही त्याला एवढेच म्हणालो, "हे आईला सांग. तिच्यापासून लपवून तिचाच प्रवास ठरवता येणार नाही."

अक्काचे वय सहा-सात असताना १९७२ चा दुष्काळ पडला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि अक्का टँकरच्या रांगेत हंडा धरून उभी राहायची. आमचा जन्म त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाला. आम्हाला तिनेच कडेवर वाढवले. उन्हाबद्दल बोलण्याचा अधिकार आमच्या घरात कोणाला असेल तर तो तिला आहे. लेकाचे सगळे ऐकून ती घटकाभर गप्प बसली. मग म्हणाली, "तुझी नोकरी गेली तर तू घरी येशील, एवढंच ना? दगड-माती कुठं पळत नाही. ऊन मात्र कोणाला ओळखत नाही. आपण दिवाळीनंतरच जायचं. आधी पाणी, मग पाहणी."

विषय संपला. आम्ही वही पुन्हा उघडली.

आता तारखांचा मेळ. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग नावाचा सण असतो. गुरुवार-शुक्रवार सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. बुधवारची एक रजा टाकली की पाच दिवस होतात. परतीचे विमान डिसेंबर उजाडता धरले की भाऊजी ६ डिसेंबरला दादरला हजर. तो दिवस त्यांनी नोकरीतही कधी चुकवला नाही, तेव्हा त्यावर चर्चाच नव्हती. या दिवसांत वाळवंटात दुपार आपल्या पौषासारखी सुखाची असते. पण दोन अडचणी आहेत. एक, दिवस लहान. साडेचार-पावणेपाचला सूर्य मावळतो, म्हणून पाहणे सकाळी लवकर सुरू करायचे. दोन, सणामुळे गर्दी, म्हणून खोल्या आताच धरून ठेवायच्या. भाच्याला आम्ही बजावले की खोली घेताना आयत्या वेळी रद्द केली तर पैसे परत मिळतील अशीच घ्यायची, आणि विमानाचे तिकीट तारीख बदलता येईल असे घ्यायचे. थोडे महाग पडते. ती वरची रक्कम आम्ही वहीत 'भीतीपोटी' या खात्याखाली टाकली आहे. नोकरी टिकली तर ती रक्कम वाया गेली, याचा सर्वांना आनंदच होईल.

आता प्रवास. पहिला दिवस, बुधवार. लॉस एंजेलिसहून सकाळी निघून जोशुआ ट्री, साधारण २१० किलोमीटर. हे उद्यान दोन वाळवंटांच्या सांध्यावर आहे. वरचे उंचावरचे मोहावी, खालचे सखल कोलोरॅडो. जोशुआचे झाड म्हणतात ते खरे तर युक्का जातीचे आहे. हात वर करून उभ्या असलेल्या माणसांसारखे दिसते. वर्षाला दोन-तीन बोटे वाढते. त्याच्या फुलाचे परागीभवन युक्का पतंग नावाचा एक लहानसा पाखरू करतो, आणि त्या पाखराची पिल्ले त्याच झाडाच्या बिया खाऊन जगतात. एक नाही तर दुसरे नाही. ही झाडे लोक उपटून शहरातल्या बागांत नेऊ लागले, तेव्हा मिनर्व्हा हॉइट या बाईंनी वाळवंट वाचवण्यासाठी सरकारदरबारी पाठपुरावा केला आणि १९३६ साली या प्रदेशाला राष्ट्रीय स्मारकाचे संरक्षण मिळाले. ३१ ऑक्टोबर १९९४ च्या कॅलिफोर्निया वाळवंट संरक्षण कायद्याने जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅली यांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला, आणि दोहोंच्या मधला मोहावी प्रदेश राखीव केला. म्हणजे आमच्या सहलीचे तिन्ही टप्पे एकाच कायद्याने बांधलेले आहेत. संध्याकाळी कीज व्ह्यू या उंच जागेवरून सूर्यास्त. तिथून सॅन अँड्रियास नावाची भूकंपाची प्रसिद्ध भेग गेलेली दिसते. मुक्काम ट्वेंटीनाइन पाम्स गावात.

उद्यानाच्या आत बहुतेक ठिकाणी पाण्याचा थेंब मिळत नाही, पेट्रोल मिळत नाही आणि मोबाइल लागत नाही. सगळे गावातूनच भरून न्यायचे.

दुसरा दिवस, गुरुवार. सकाळच्या उन्हात चोया निवडुंगाची बाग. हा निवडुंग लांबून मऊ, लोकरीसारखा दिसतो. पण नुसता चाटून गेलात तरी त्याचा तुकडा अंगाला चिकटतो आणि हाताने काढायला जावे तर हातालाही चिकटतो. कंगव्याने उचटून काढावा लागतो. अक्काने ताबडतोब यादीत 'फणी' लिहायला लावली. मग अँबॉय गावावरून उत्तरेला मोहावी राखीव प्रदेश. इथे प्रवेशाला पैसे नाहीत. केल्सोचे वाळूचे डोंगर दोनशे मीटरपर्यंत उंच आहेत, आणि कोरडी वाळू उतारावरून घसरली की विमानासारखी घुमते. याच प्रदेशात ऑगस्ट २०२० मध्ये वीज पडून आग लागली आणि दहा लाखांहून अधिक जोशुआ झाडे जळाली. दोन-तीन बोटांनी वाढणारे झाड पुन्हा कधी उभे राहणार, हा हिशोब आमच्याच्याने झाला नाही. रात्री बेकर गावी मुक्काम. तिथे १३४ फूट उंचीचा तापमापक उभा आहे, त्या १९१३ च्या १३४ अंश फॅरेनहाइटची आठवण म्हणून. सणाच्या दिवशी खाणावळी बंद असण्याचा संभव आहे. म्हणून आदल्या रात्रीच चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी बांधून घ्यायची. या बाबतीत अमेरिका आणि अजिंठा यांत काही फरक नाही.

तिसरा दिवस, शुक्रवार. बेकरहून डेथ व्हॅली, १८५ किलोमीटर. वाटेत डान्टेज व्ह्यू या कड्यावर चढायचे. समुद्रसपाटीच्या १,६६९ मीटर वर उभे राहून पायाखाली समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खालचे मीठ पाहायचे. दुपारी झाब्रिस्की पॉइंट, पिवळ्या मातीच्या सुरकुत्यांचे डोंगर. मुक्काम फर्नेस क्रीकला. २०१३ पासून डेथ व्हॅलीला काळोख्या आभाळाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. भाऊजी म्हणाले, रात्रपाळीत रुळांवर चालताना असे तारे दिसायचे, ते कल्याणला आल्यापासून हरवले.

फर्नेस क्रीकची आणखी एक गोष्ट आम्ही भाच्याला लिहून दिली आहे, कारण ती फलकावर कोणी वाचेलच असे नाही. ही दरी ओसाड नव्हती. तिंबिशा शोशोनी नावाचे मूळ रहिवासी इथे पिढ्यान् पिढ्या राहत आले. उन्हाळ्यात डोंगरावर जायचे, हिवाळ्यात दरीत उतरायचे. १९३३ साली सरकारने हे राष्ट्रीय स्मारक जाहीर केले आणि घरचे लोक आपल्याच घरात उपरे झाले. १९५० च्या दशकाच्या शेवटी तर असे धोरण झाले की त्यांची कच्च्या विटांची घरे रिकामी सापडली की पाण्याचे फवारे मारून विरघळवून टाकायची. जिथे पाणी म्हणजे जीव, तिथे पाण्याने घरे पाडली! तरी लोक हटले नाहीत. १९८३ साली त्यांच्या जमातीला केंद्र सरकारची मान्यता मिळाली. २००० साली कायदा होऊन सुमारे ७,७०० एकर जमीन त्यांच्या नावे झाली, त्यातली ३१४ एकर फर्नेस क्रीकलाच. आजही त्यांची वस्ती तिथे आहे. त्या बाजूने जाताना उगाच फोटो काढत फिरू नये, कोणाच्याही दारात फिरत नाही तसेच.

चौथा दिवस, शनिवार. सकाळी बॅडवॉटरचे मिठाचे पठार. मागच्या कड्यावर खूप उंच एक पाटी लावली आहे, समुद्राची पातळी इथे. मान वर करून समुद्र पाहायचा. ऑगस्ट २०२३ मध्ये एका वादळाने एकाच दिवसात वर्षभराचा पाऊस पाडला, रस्ते वाहून गेले, उद्यान सुमारे दोन महिने बंद राहिले आणि या पठारावर तळे साचले. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी रस्त्यांची चौकशी करायची, हे यादीत लाल शाईने लिहिले आहे.

पुढे हार्मनी बोरॅक्सचा जुना कारखाना. १८८३ ते १८८८ इथे टाकणखार काढत. वीस खेचरांच्या गाड्या तो माल १६५ मैलांवरच्या रेल्वेपर्यंत ओढून नेत. त्या खेचरांचे चित्र पुढे साबणाच्या डब्यांवर छापून प्रसिद्ध झाले. पण भर उन्हात पठारावरून क्षार खरवडून काढणारे चिनी मजूर मात्र कोणत्याही डब्यावर आले नाहीत. भाऊजी हे ऐकून म्हणाले, "गाडी दिसते, खडी टाकणारा दिसत नाही." गँगमनचा शेरा आहे. आम्ही तो जसाच्या तसा उतरवला.

भाच्याला आपोआप सरकणारे दगड पाहायचे होते. रेसट्रॅक नावाच्या कोरड्या तळ्यावर मोठमोठे दगड मागे चर सोडून सरकलेले दिसतात. थंडीत पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा येतो, तो फुटतो आणि वाऱ्याने दगडांना ढकलतो, असा उलगडा २०१४ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. पण तिथला रस्ता चाळीसेक किलोमीटर कच्चा, धारदार खडीचा. भाड्याची साधी गाडी तिथे नेणे शहाणपणाचे नाही. १९९६ च्या त्या गाडीचे टायर आठवा. आम्ही दगड काटले. त्याने या वेळी वाद घातला नाही.

शनिवारी संध्याकाळी दरी सोडून पश्चिमेला लोन पाइन गावी मुक्काम, १७० किलोमीटर. इथे ओवेन्स खोरे लागते. एके काळी मोठे तळे होते. १९१३ साली लॉस एंजेलिस शहराने ३७५ किलोमीटर लांबीचा कालवा बांधून इथले पाणी उचलले, आणि काही वर्षांत तळ्याची धूळ झाली. त्या खोऱ्यात पाट काढून शेती करणारे मूळचे पाययूट लोक आणि नंतर आलेले शेतकरी, दोघेही बघत राहिले. भाचा घरी नळ सोडतो, त्यात या खोऱ्याचेही पाणी असते. अक्काला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तिथंही वरचा पाणी पितो न् खालचा बघतो."

पाचवा दिवस, रविवार. परतण्याआधी सोळा किलोमीटर उत्तरेला मँझनार. भाच्याच्या यादीत हे नाव नव्हते, आमच्या आग्रहाने आले. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने, जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरे-दुकाने सोडायला लावून छावण्यांत डांबले. दोन तृतीयांश तर जन्माने अमेरिकेचेच नागरिक होते. हातात मावेल तेवढेच सामान न्यायची परवानगी होती. मँझनारच्या काटेरी तारांत दहा हजारांवर माणसे १९४५ पर्यंत राहिली. त्यांत बौद्धही होते, ख्रिस्तीही होते. बौद्धांनी तिथल्या बराकीत विहार मांडले. १९४३ साली दफनभूमीत या लोकांनी पांढरा स्तंभ उभारला. त्यावरील अक्षरांचा अर्थ आहे, आत्म्यांचे सांत्वन करणारा मनोरा. १९६९ पासून लोक दरवर्षी तिथे यात्रेसारखे जमतात. १९८८ साली अमेरिकन सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. १९९२ पासून ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. प्रवेश विनामूल्य आहे. अक्का घरून एक पांढरे सुती वस्त्र आणि मेणबत्ती नेणार म्हणते. मेणबत्ती पेटवायची नाही, वाळवंटी वारा असतो, एवढे आम्ही सांगितले आहे.

मग ३५० किलोमीटर परतीचे. पाचही दिवस मिळून चौदाशे किलोमीटर. कोणत्याही दिवशी चारशेच्या आत.

आता खर्चाचा आणि पाण्याचा तक्ता, कारण वाचक आम्हाला त्याशिवाय सोडणार नाहीत. जोशुआ ट्री गाडीमागे ३० डॉलर, डेथ व्हॅली ३० डॉलर, दोन्ही सात दिवस चालतात. मोहावी आणि मँझनार फुकट. तिथल्या रहिवाशांना वर्षाचा पास ८० डॉलरला मिळतो. भाचा तो घेणार होता. पण दोनच ठिकाणे असतील तर साठात भागते, वीस डॉलर वाचतात. डेथ व्हॅलीत २०२३ पासून रोख घेत नाहीत, कार्ड लागते. पेट्रोल प्रत्येक गावी टाकी भरून, अर्ध्याखाली काटा जाऊ द्यायचा नाही. दरीत पेट्रोल मिळते, पण महाग.

पाणी माणशी रोज चार लिटर, असा उद्यानांचाच सल्ला आहे. तीन माणसे, पाच दिवस, साठ लिटर. गाडीसाठी आणि अडीअडचणीसाठी वीस लिटर वेगळे. एकूण ऐंशी लिटर. अक्काने डोळे मिटून हिशोब केला, "पाच हंडे आणि एक कळशी." गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत सुटायचे नाही, तिच्या सावलीत थांबायचे. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. मोबाइलवरच्या नकाशावर विसंबायचे नाही, कागदी नकाशा जवळ ठेवायचा. रात्री पारा शून्याजवळ जातो, तेव्हा स्वेटर, कानटोपी. भाऊजींच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, सामानात नाही. गोळ्यांत काय बदल करायचा तो डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

हे सगळे एवढे तपशिलाने का लिहिले? आपल्यातली मुले आता लांब लांब जाऊ लागली आहेत. आई-वडिलांना बोलवू लागली आहेत. त्यांना हौस असते, पैसा असतो, पण वेळ नसतो, आणि कधी कधी सांगता न येणारी काळजी असते. थोरांना अनुभव असतो, पण आपण कधी गेलो नाही म्हणून बोलायचा संकोच वाटतो. आमचे म्हणणे असे की मुलांनी काळजी बोलून दाखवावी आणि थोरांनी संकोच सोडावा. आम्ही सहारा पाहिला नाही, मोहावीही पाहणार नाही. पण ऊन आम्हाला माहीत आहे.

भाच्याची नोकरी आज आहे, उद्याचे त्यालाच माहीत नाही. परवा त्याचा फोन आला होता. म्हणाला, "मामा, खोल्या धरल्या. आणि वीस लिटरचे चार कॅन आणून ठेवलेत." अजून नोव्हेंबर लांब आहे. आम्ही म्हणालो, "आत्तापासून?" तर म्हणाला, "आईने सांगितलंय, भांडं आधी घरात असावं."

जय भीम.